कातळावरची पावलं

डोंगराच्या पोटाशी पसरलेल्या एका जंगलात, ओढ्याच्या वरच्या अंगाला बीळ करून, एक सायाळ राहत असे. सायाळ म्हणजे कोण, असं विचारू नका मुलांनो. पाठीवर काळेपांढरे लांबलचक काटे मिरवत चालणारं साळिंदर तुम्ही निदान चित्रात तरी पाहिलं असेलच. तर ही सायाळ त्या जंगलाची चित्रकार होती. गळून पडलेला आपलाच एखादा काटा घ्यायचा, तांबडी काव पाण्यात उगाळायची, तिच्यात बाभळीचा डिंक कालवायचा आणि कातळावर चित्रं काढायची, हा तिच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उद्योग.

आता तुम्ही म्हणाल, जंगलात चित्रं हवीत कशाला? सांगतो. डोहाशेजारी एक उभा, सपाट कातळ होता. त्याच्यावर जंगलातल्या झाडून सगळ्या प्राण्यांची पावलं काढलेली असत. भेकराचं, रानडुकराचं, मोराचं, सशाचं आणि सगळ्यांत वर, चांगलं ठळक, बिबट्याचं. पावसाळा सरला, की आया आपापल्या पिलांना त्या कातळासमोर उभं करत आणि शिकवत, "हे खालचं मातीत दिसलं तर खुशाल पाणी पी. पण हे वरचं दिसलं, की तहान विसरायची आणि धूम ठोकायची. मागं वळून बघायचंसुद्धा नाही!"

पावसानं दरवर्षी ती पावलं फिकी होत आणि सायाळ ती दरवर्षी गिरवी. तिची आई गिरवायची, आजी गिरवायची, पणजीही गिरवायची. जुन्या रेघेवरून काटा ढळू द्यायचा नाही, अशी घराण्याची शिस्त होती. पण पावसाला काय शिस्त? कधी तो अर्धी रेघच पुसून टाकी आणि मग तिथं आपल्या मनानं काहीतरी भरावं लागे. पणजीनं बिबट्याच्या पावलाची बोटं जरा टोकदार केली, कारण तिला ती तशी देखणी वाटली. आजीनं त्या टोकांना ठिपके दिले. आईनं बोटांच्या मधे आणखी बोटं भरली, म्हणजे मोकळी जागा वाईट दिसायला नको. आणि आपल्या सायाळीनं तर कमालच केली. तिनं सगळ्याभोवती वेलबुट्टी काढली.

"काय सुरेख हात आहे हो तुमचा!" येणारेजाणारे म्हणत. हे ऐकलं की सायाळीच्या अंगावर काटा येई. म्हणजे आधीचे होतेच, ते आणखी ताठ होत. पण खरं सांगू? मनातून ती पार कंटाळली होती. तीच रेघ, तेच वळण, तीच वेलबुट्टी. आपणही कधी काहीतरी नवं काढावं, असं तिला फार वाटे. मग ती तासभर डोळे मिटून बसे, काही सुचत नसे आणि ती पुन्हा गिरवायला लागे.

त्या वर्षीही तिनं पावलं गिरवली आणि रंग वाळावा म्हणून ती फुंकर घालत बसली होती. तेवढ्यात एक सशीण धापा टाकत आली. पाठोपाठ तिचं पिल्लू. पिलाचा डावा कान मधोमध फाटला होता आणि त्यातून रक्त ठिबकत होतं.

"सायाळमावशी," सशीण म्हणाली, "तुमच्या बिबट्याला बोटं किती?"

"किती म्हणजे? आठ," सायाळ म्हणाली. "मोज की. आणि हे काय गं, पोराच्या कानाला काय झालं?"

"आठच ना? मग चार बोटांचं पाऊल कोणाचं, ते सांगा मला. ओढ्याकाठी चिखलात चार बोटांचं पाऊल होतं. माझं पोर शहाणं हो, तुमच्या कातळावरून शिकलेलं. त्यानं बोटं मोजली. आठ नाहीत, टोकं नाहीत, ठिपके नाहीत, वेलबुट्टी तर नाहीच नाही. म्हणजे हा बिबट्या नव्हे, असं म्हणून ते त्या पावलातच जाऊन बसलं आणि पाणी पीत राहिलं." सशिणीनं पिलाला जवळ ओढलं. "बिबट्याची झेप हुकली म्हणून कानावर निभावलं. नाहीतर आज मी तुमच्याशी भांडायला नाही, तुमच्यासमोर ऊर बडवायला आले असते!"

सायाळीला आधी रागच आला. "आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच पाऊल..." असं काहीतरी ती बोलू लागली. पण पिलू आपलं कातळाकडे टकामका बघत होतं. त्यानं अगदी सरळ विचारलं, "मावशी, तुम्ही बिबट्याचं पाऊल पाहिलंय का?"

सायाळ वळून कातळाकडे बघू लागली. कातळावर तिनं ते शंभरदा पाहिलं होतं. मातीत एकदाही नाही.

ही बातमी जंगलभर व्हायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळच्या आत सगळे डोहाशी जमले. म्हातारा गवा त्यांच्यात वडीलधारा. तो बोलायचा कमी, पण बोलला की बाकीचे गप्प बसत.

"पुसून टाक ते," गवा म्हणाला.

"गवाआजोबा, माझ्या आईच्या हातचं आहे हो," सायाळ रडवेली होऊन म्हणाली.

"आईच्या हातचं आहे खरं. पण बिबट्याच्या पायाचं नाही ना? पुस." मग जरा मऊ आवाजात तो म्हणाला, "हे बघ बाळ. वरची डबकी आटत आलीत. फार तर आठ दिवस. मग लहानथोर सगळ्यांना या एका डोहावरच पाण्याला यावं लागणार आणि तोही इथंच येणार. तोवर पिलांना पाऊल ओळखता आलं पाहिजे. आठ दिवसांत खरी पावलं काढ. नाहीतर यंदा किती पिलं जातील, त्याचा हिशेब मला करवणार नाही."

सायाळीनं ओल्या गवताचा बोळा घेतला आणि सगळा कातळ पुसला. पुसता पुसता ती मुसमुसत होती. पण तिला रडू पुसल्या चित्राचं येत होतं की त्या फाटक्या कानाचं, हे तिचं तिलाच कळेना.

पहिले तीन दिवस तर वायाच गेले. सायाळीची समजूत अशी, की चित्र आधी सुचावं लागतं. आणि सुचायला काहीतरी भव्य बघावं लागतं. म्हणून ती टेकडीच्या टोकावर जाऊन बसली आणि सूर्याकडे, ढगांकडे, लांबच्या निळ्या डोंगरांकडे टक लावून बघत राहिली. डोळ्यांना पाणी आलं, सुचलं मात्र काही नाही.

शेजारच्या फांदीवर एक कावळा हा सगळा प्रकार पाहत होता. कावळ्यांना दुसरं काम काय असतं?

"काय बाईसाहेब," तो म्हणाला, "सूर्याला बोटं किती निघाली?"

"गप बस रे मेल्या. मला सुचू दे."

"सुचायचंय काय त्यात? पाऊल पडतं मातीत आणि तुम्ही बघताय आभाळात! बरं आहे, चालू द्या." आणि तो उडून गेला.

सायाळ मनातल्या मनात त्याला चार शिव्या देत घरी निघाली. पण मातीचं नाव निघालं होतं, म्हणून वाटेत तिची नजर उगाचच खाली गेली आणि ती जागच्या जागी थिजली. वाटेवर पावलं उमटली होती. लांबट, मांसल, टाचेसकट उमटलेली, जणू एखादं रांगतं मूल नुकतंच चालू लागलं असावं. आणि त्यांच्या मागं धुळीत झाडूनं ओढावेत तसे बारीक ओरखडे.

"अगंबाई! हे कोण आलं जंगलात?" तिचे काटे सळसळले. असलं पाऊल कातळावर कधीच नव्हतं. कोणी नवा, भयंकर प्राणी असणार! पण मुलांनो, भीती वाटली तरी तिला राहवेना. कोण असेल? जड असेल की हलका? शेपूट ओढतोय की आणखी काही? ती त्या पावलांच्या मागोमाग, झुडपाआडून, जपून जपून निघाली. पावलं ओढ्यापाशी गेली, जांभळीला वळसा घालून वर चढली आणि थेट तिच्याच बिळात शिरली.

आता मात्र तिची बोबडीच वळली. बिळाच्या तोंडाशी ती किती वेळ उभी राहिली. शेवटी धीर करून आत डोकावायला म्हणून तिनं एक पाय पुढं टाकला, उचलला आणि खाली बघितलं. तेच पाऊल! टाच तीच, बोटं तीच. आणि ते ओरखडे तिच्याच काट्यांचे, जमिनीवरून घासत गेलेले.

ती मटकन खाली बसली आणि खो खो हसत सुटली. कातळावर सायाळीचं पाऊल म्हणून ती जन्मभर एक गोल काढून त्याभोवती किरणं काढत आली होती. स्वतःचं पाऊलसुद्धा तिनं कधी पाहिलं नव्हतं! हसता हसता तिच्या मनात आलं, माझंच मला माहीत नाही, तर बाकीच्यांचं काय असेल?

आणि त्या क्षणापासून सायाळीचं नाक जे मातीला लागलं, ते वर यायलाच तयार होईना. ओढ्याकाठची ओली माती तिनं वितीवितीनं पाहिली. मोर एवढा पिसारा घेऊन फिरतो, पण त्याच्या पावलात पिसाऱ्याचा पत्ता नाही. पुढं तीन काटक्या, मागं एक खुंट, संपलं. खेकडा चालला की टाचणीनं टोचल्यासारखी टिंबं उमटतात आणि बिळापाशी तो मातीच्या बारक्या गोळ्या अशा मांडून ठेवतो, की कोणाला वाटावं पाहुण्यांना लाडू वळलेत. शेणकिडा आपला गोळा ढकलत गेला, की मधे एक गुळगुळीत पन्हळ आणि दोन्ही बाजूंना नाजूक टाके. ही तर वेलबुट्टीच! आपण डोळे मिटून जी शोधत होतो, ती हा किडा शेण ढकलता ढकलता काढून जातो, हे पाहून सायाळीला स्वतःची लाजही वाटली आणि आनंदही झाला.

जे मातीत कळेना, ते ती ज्याला त्याला विचारू लागली. रानडुकरिणीला म्हणाली, "जरा इथं चिखलात उभी राहा. आता चाल. आता पळ. अगं, पळताना तुझ्या खुरामागच्या नख्या खोल रुततात आणि चालताना नुसत्या टेकतात! तुला माहीत होतं?"

"मला पोरं सांभाळायचीयेत," डुकरीण वैतागून म्हणाली, पण जाताना आपलं पाऊल वळून वळून बघत गेली.

सशिणीकडे जायला तिला धीर होत नव्हता. तरी गेली. "तुला माझं तोंड बघायचं नसेल," ती म्हणाली, "पण एक गंमत दिसली. तुझ्या पिलाचे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढं उमटलेत. असं कसं होतं?"

सशिणीनं पिलाला झुडपाआड बसवलं. मग म्हणाली, "पळून दाखवते." आणि तिनं मऊ मातीतून लांबच लांब उड्या मारल्या. सायाळ प्रत्येक उडीला "अस्सं! अस्सं!" म्हणत मागं धावत होती. तिला भूक लागलेली होती, कंद उकरायचे राहून गेले होते, पण तिला त्याची आठवणच नव्हती.

सहावा दिवस उजाडला. सगळी पावलं पाहून झाली, एक सोडून. हे असं पाऊल होतं, की त्याच्या मालकाला "जरा उभा राहा" म्हणून सांगायची सोय नव्हती. सायाळ सकाळच्या उन्हात ओढ्याच्या वरच्या वळणावर गेली, जिथं पिलाचा कान फाटला होता तिथं. आणि ते तिला दिसलं.

मोठं, गोल, शांत पाऊल. चार बोटं. सायाळीनं वाकून मोजली, पुन्हा मोजली. बोटांना टोकं नव्हती. नखं कुठंच उमटली नव्हती. कोल्ह्याच्या पावलात नखं दिसतात, ती कालच तिनं पाहिली होती. मग याची नखं कुठं गेली? याला तर सगळ्यांत मोठी! आत ओढून घेतो की काय? चालताना नखं झिजू नयेत, आवाज होऊ नये म्हणून? मागच्या गादीची कड तिहेरी, जणू तीन छोटे उंचवटे शेजारी शेजारी. किती साधं पाऊल आणि यात एवढी भीती! ती काट्यानं शेजारच्या चिखलात ते काढून पाहू लागली.

आणि मग तिला आणखी एक गोष्ट दिसली. पावलाच्या कडेनं पाणी झिरपत होतं. थेंब थेंब आत उतरत होतं. अजून तळ भरायचा होता. जुन्या पावलात पाणी भरून निवळलेलं असतं, हे तिनं डुकरिणीच्या पावलाजवळ बसून पाहिलं होतं. हे पाऊल जुनं नव्हतं. हे आत्ताचं होतं!

सायाळीनं मान वर केली नाही. ती काटे फुलवून, काठच्या उंच गवताकडे पाठ करून, एक एक पाऊल डोहाच्या दिशेनं सरकत राहिली. गवतात काहीतरी हललं, थांबलं. काट्यांचा तो भारा बघून त्याचा विचार बदलला असावा. वळण ओलांडताच सायाळ जी पळाली, ती डोहाशीच थांबली. डोळ्यांसमोर ते पाऊल लख्ख होतं, गादीच्या तिन्ही उंचवट्यांसकट.

तिनं त्याच दुपारी काव उगाळली आणि एका बैठकीत सगळा कातळ भरला.

आठव्या दिवशी सगळे पिलांना घेऊन जमले. आणि जमले ते नाराजच झाले. "हे काय? नक्षी कुठं गेली?" "एवढे दिवस लावून हे असं ओकंबोकं?" मोराला तर आपल्या पावलात पिसारा नाही म्हणून फारच लागलं. सायाळ एका बाजूला अंग चोरून उभी होती. गवा मात्र कातळाजवळ गेला, आपलं पाऊल त्यानं नीट पाहिलं, मग जमिनीवर खूर दाबून ते पुन्हा पाहिलं. "माझं आहे हे," एवढंच तो म्हणाला आणि बाजूला झाला. आयांनी कुरकुरत का होईना, पिलांना शिकवलं.

दुसऱ्याच दिवशी वरचं शेवटचं डबकं आटलं आणि सगळं जंगल डोहावर लोटलं. पुढं एक भेकराचं पाडस उड्या मारत चाललं होतं. पाण्यापासून चार हातांवर ते एकदम थांबलं. खाली बघितलं. कातळाकडे बघितलं. पुन्हा खाली बघितलं. आणि मग त्याच्या कोवळ्या गळ्यातून, आयुष्यात पहिल्यांदाच, भुंकल्यासारखी हाक निघाली, "आई, वरचं! ते वरचं!"

धावपळ उडाली. धूळ उठली. आणि लव्हाळ्यातून बिबट्यानं झेप घेतली, तेव्हा काठावर फक्त माती होती. तो थोडा वेळ शेपटी आपटत उभा राहिला, चार घोट पाणी प्यायला आणि निघून गेला.

त्यानंतर नक्षीचं नाव कोणी काढलं नाही. भेकरीण संध्याकाळी आली आणि सायाळीसमोर रडत बसली. सायाळही तिच्याबरोबर रडली. त्या वर्षी डोहावर एकाही पिलाचा जीव गेला नाही.

मग पुन्हा पावसाळा आला आणि सरला. कातळावरची पावलं फिकी झाली, तरी अजून ओळखू येत होती. सायाळ काव उगाळायच्या आधीच ओल्या गवताचा बोळा घेऊन आलेली पाहून सगळे धावत आले.

"अहो मावशी, हात नका लावू त्याला!" सशीण ओरडली. "एवढं खरं पाऊल आहे. आता हेच गिरवत राहा. आमच्या नातवंडांना, पतवंडांना हेच दाखवू."

"हो ना," गवासुद्धा म्हणाला, "राहू दे की बाळ. या चित्रानं पोरं वाचवलीत."

"वाचवली, म्हणूनच पुसते आजोबा," सायाळ म्हणाली आणि तिनं पहिला हात फिरवला. "यंदा ओढ्यानं वाट बदललीय. काठाला चिखल राहिला नाही, रेती आलीय. रेतीत पाऊल कसं पसरतं, ते मी अजून पाहिलेलं नाही. आणि बिबटिणीला दोन बछडे झालेत म्हणतात. त्यांची पावलं केवढी असतील? मांजराएवढी? आणखी लहान? एखादं पिलू त्यांना मांजर समजून जवळ जायचं, आणि मागं आई उभी असायची. तुम्हाला माहीत आहेत ती पावलं? मलाही नाहीत."

सायाळीनं सगळा कातळ कोरा केला, बोळा टाकला आणि नाक जमिनीला लावून ती रेतीच्या दिशेनं चालू लागली. थोड्या वेळानं सशीण तिच्यामागं निघाली. मग भेकरीण. मग डुकरीण, आपल्या सगळ्या पोरांना वाटेतल्या एकेका ठशापाशी थांबवत.

तात्पर्य : चित्र सुचण्यासाठी डोळे मिटून बसू नये, पायाखालची रोजची माती डोळे उघडून पाहावी. आणि काल पाहिलं होतं म्हणून आज पाहायचं सोडू नये.